वंशावळी-संशोधन
वंशावळी-संशोधन : एखाद्या कुटुंबातील वा कुळातील व्यक्तींची परस्पर नाती, त्यांचा पिढ्यांनुसार क्रम आणि उपलब्ध असेल तेवढा त्यांचा जीवनवृत्तान्त पुराव्यांच्या आधारे निश्चित करण्याची पद्धती. या अभ्यासाची साधने स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत : एक, लिखित व मौखिक नोंदी आणि दोन, विसाव्या शतकाच्या अखेरीपासून उपलब्ध झालेली डीएनए चाचणी. या दोन साधनांचे स्वरूप मुळातच भिन्न आहे. समाजाने, कायद्याने किंवा कुटुंबाने कोणाला कोणाचा वंशज मानले, हे नोंद सांगते. तर जैविक दृष्ट्या कोण कोणापासून जन्मला, हे डीएनए सांगतो. बहुतेक वेळा या दोहोंची उत्तरे जुळतात. ती जुळत नाहीत तेथे एक साधन खरे व दुसरे खोटे असे मानण्याऐवजी, प्रत्येकाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे हे पाहणे आवश्यक ठरते.

पूर्वपीठिका : वंश व वंशानुचरित यांची गणना पुराणांच्या पाच लक्षणांत केलेली आहे. श्राद्धविधीत पिता, पितामह व प्रपितामह, तसेच माता व मातामह यांच्याकडील पूर्वज यांचा नामोच्चार करावा लागत असल्यामुळे किमान तीन पिढ्यांची नावे घरोघर मुखोद्‌गत असत. मिथिलेतील ब्राह्मणांमध्ये विवाहसंबंध ठरविण्यासाठी पंजी ठेवण्याची पद्धत चौदाव्या शतकापासून रूढ आहे. गुजरातेत वहीवंचे बारोट, राजस्थानात भाट, तर उत्तर कर्नाटक व दक्षिण महाराष्ट्र या प्रदेशांत हेळवी हे आपापल्या यजमान कुळांच्या वंशावळी राखीत व फिरतीवर आले असता वाचून दाखवीत. यूरोपात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाह व बाप्तिस्मा यांच्या नोंदी ठेवणे कॅथलिक धर्मगुरूंवर बंधनकारक केले. इंग्लंडमध्ये अशा नोंदींचा आदेश १५३८ मध्येच निघाला होता. तेथील मुलकी जन्म-मृत्यू नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतील यूटा वंशावळी संस्था १८९४ मध्ये स्थापन झाली. तिने जगभरच्या नोंदींची सूक्ष्मपटावर छायाचित्रे घेण्याचे काम विसाव्या शतकात हाती घेतले आणि १९७७ नंतर हरद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचाही त्यात समावेश केला.

महाराष्ट्रातील लिखित साधने : महाराष्ट्रात वंशावळी टिकून राहण्याचे मुख्य कारण वतन हे होय. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण यांसारखी वतने वंशपरंपरेने चालत आणि त्यांची भावांत वाटणी होई. त्यामुळे हक्काचा वाद उपस्थित झाला, की वादी व प्रतिवादी आपापली वंशपरंपरा करीन्यात मांडीत. गोतसभेपुढे साक्षी होऊन निवाड्याचा महजर तयार होई आणि त्यात अनेकदा पाच-सहा पिढ्यांचा तपशील येई. इंग्रजी अंमलात १८५२ च्या कायद्यान्वये काम करणाऱ्या इनाम कमिशनने इनामदारांकडून कैफियती व वंशवृक्ष मागविले. १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकारविषयक कायद्यानेही वतनदारांच्या नोंदी व्यवस्थित ठेवण्यास चालना मिळाली. गावकीतील महार वतनदारांची नावेही या कागदांत आढळतात. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात अशा कागदांचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या साधनखंडांतही घराण्यांचे कागद विपुल आहेत.

दुसरे महत्त्वाचे साधन म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या होत. नासिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इ. क्षेत्रांतील उपाध्ये आपल्या यजमानांची नावे गाव व आडनाव यांनुसार लावून ठेवतात. यात्रेला आलेली व्यक्ती बहुधा स्वहस्ते वडील, आजा, भाऊ, मुलगे यांची नावे लिहिते आणि मागील लेखाखाली तिची सही होते. लिहिणारा स्वतःच्या घराविषयी लिहीत असल्यामुळे आणि हक्काचा वाद समोर नसल्यामुळे हा पुरावा बराच विश्वसनीय ठरतो. त्यांत माता, पत्नी व सुना यांची नावेही पुष्कळदा येतात, हे त्यांचे आणखी एक वैशिष्ट्य.

अर्वाचीन काळासाठी गावपातळीवरील महसुली कागद उपयुक्त असतात. १९०३ च्या मुंबई कायद्याने सुरू झालेल्या हक्कनोंदींतील फेरफार नोंदवहीत खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांची नावे लागतात. वारस प्रकरणांची नोंदवही, जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना क्रमांक १४ (कोतवाल बुक), शाळेतील दाखल-खारिज नोंदवही, खरेदीखते, दत्तकपत्रे व मृत्युपत्रे यांवरून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, कधीकधी त्याच्याही मागे, जाता येते. भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा एकसूत्री कायदा १९६९ मध्ये झाला. त्यापूर्वीच्या नोंदी प्रांतोप्रांती निरनिराळ्या आणि अपुऱ्या आहेत. जनगणनेतील व्यक्तिगत माहिती १९४८ च्या कायद्यान्वये गोपनीय असल्याने, ब्रिटनप्रमाणे जुन्या जनगणनेवरून कुटुंब शोधण्याचा मार्ग येथे उपलब्ध नाही.

गोव्यात चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी हे प्रमुख साधन आहे. तेथील गावकारी संस्थांच्या कागदांत वांगडानुसार पुरुष वंशजांची नावे मिळतात. धर्मांतरसमयी पोर्तुगीज आडनावे स्वीकारली गेल्याने एकाच मूळ कुळाच्या शाखांची आडनावे भिन्न, आणि परस्परांशी संबंध नसलेल्या कुळांची आडनावे समान, अशी स्थिती तेथे आढळते. मॉरिशसला १८३४ पासून गेलेल्या कंत्राटी मजुरांत मुंबई इलाख्यातील मराठी भाषकही होते. त्यांच्या आगमनाच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत. त्यांत अनुक्रमांक, जहाज, वय, पित्याचे नाव, जात, गाव, उंची व शरीरावरील खुणा हा तपशील असून काही व्यक्तींची छायाचित्रेही आहेत. तथापि गावांची नावे परक्या कारकुनांनी ऐकली तशी लिहिली. शिवाय मजुराचे एकेरी नावच पुढील पिढ्यांचे आडनाव बनल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. त्यामुळे तेथील वंशजास कोकणातील मूळ गाव शोधताना नोंदीतील उच्चारावरून अनेक पर्याय तपासावे लागतात.

नोंदींचे वाचन व परीक्षण : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे बहुसंख्य मराठी कागद मोडीत असल्यामुळे त्या लिपीचे ज्ञान अपरिहार्य ठरते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने तेथे उर्दू कागदही पाहावे लागतात. कालगणनेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. शालिवाहन शकात ७८ (वर्षअखेरच्या महिन्यांत ७९) मिळविल्यास इसवी सन येतो. सुहूर सनात ५९९ वा ६००, तर दक्षिणी फसली सनात ५९० वा ५९१ मिळवावे लागतात. सुहूर सन अरबी संख्यावाचकांत लिहीत, उदा., ‘खमस सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६५, अर्थात इ. स. १७६४–६५.

नावांच्या बाबतीत दोन धोके संभवतात. आजोबाचे नाव नातवास ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाआड एक पिढीत तेच नाव येते आणि दोन व्यक्ती एकच समजल्या जातात किंवा मधल्या दोन पिढ्या गळतात. एका पिढीचे सरासरी अंतर २५ ते ३० वर्षे धरून काळ तपासला असता अशी चूक बहुधा उघड होते. दुसरे म्हणजे पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही अधिकारवाचक उपनावे असून ती धारण करणारी कुळे परस्परांशी संबद्ध असतीलच असे नाही. उलट, एकाच कुळाच्या शाखांनी गाव बदलताच निरनिराळी ग्रामवाचक आडनावे घेतलेली दिसतात.

कागद जुना आहे एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. वतनाच्या वादात प्रतिपक्षाची शाखा वंशावळीतून वगळणे, बनावट महजर पुढे करणे अशा गोष्टी त्या काळीही घडत. म्हणून कागद मूळ की नक्कल, घटनेच्या काळचा की नंतरचा, तो कोणी व कोणत्या हेतूने लिहिला, हे प्रश्न प्रथम विचारावे लागतात. शोधाचा आरंभ हयात व्यक्तींपासून करून एकेक पिढी मागे जावे आणि प्रत्येक पिता-पुत्र वा माता-कन्या संबंध शक्यतो दोन स्वतंत्र पुराव्यांनी सिद्ध करावा, असा या शास्त्राचा मूलभूत नियम आहे. प्रसिद्ध ऐतिहासिक पुरुषापासून आरंभ करून आपल्यापर्यंत साखळी जोडण्याचा उलटा प्रयत्न बहुधा कल्पनेत संपतो. विसाव्या शतकात अनेक कुळांचे कुलवृत्तान्त प्रसिद्ध झाले. त्यांचे मूल्यमापनही याच कसोटीवर करावे लागते.

डीएनए चाचणीचे स्वरूप : मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असून त्यांतील डीएनए सु. तीन अब्ज घटकजोड्यांचा बनलेला असतो. वंशशोधासाठी त्याचे तीन भाग उपयोगी पडतात. वाय गुणसूत्र पित्याकडून केवळ पुत्राकडे जाते. त्यामुळे अखंड पुरुषवंश तपासता येतो. तंतुकणिकांतील (मायटोकाँड्रियांतील) सु. १६,५६९ घटकजोड्यांचा डीएनए मातेकडून सर्व अपत्यांना मिळतो, पण पुढे तो केवळ कन्यांमार्फत संक्रमित होतो. त्यावरून स्त्रीवंश कळतो. उरलेल्या २२ जोड्यांतील डीएनए माता व पिता यांच्याकडून निम्मा निम्मा येतो. आजा वा आजी यांच्याकडून सरासरी २५ टक्के, पणजा वा पणजी यांच्याकडून साडेबारा टक्के असा तो प्रत्येक पिढीत घटत जातो. चुलत, आते, मामे व मावस भावंडांत सु. साडेबारा टक्के डीएनए समान असतो. त्यांच्या मुलांमध्ये तो सु. तीन टक्के आणि त्यापुढील पिढीत एक टक्क्याहूनही कमी होतो. या शेवटच्या नात्यातील व्यक्तींच्या सु. दहापैकी एका जोडीत समान डीएनए आढळतही नाही, तरी त्यांचे नाते खरेच असते. दहा पिढ्या मागे कागदावर १,०२४ पूर्वज होतात; त्यांपैकी अनेकांचा काहीच अंश वंशजात उरलेला नसतो.

इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीझ यांनी १९८४ मध्ये डीएनए ठशांची पद्धत शोधली. भारतात हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात लालजी सिंग यांनी तिचा विकास केला. वंशशोधासाठी व्यापारी चाचण्या २००० च्या सुमारास सुरू झाल्या. हल्लीच्या चाचणीत लाळेच्या नमुन्यावरून सहा-सात लाख स्थाने तपासून संग्रहातील इतर व्यक्तींशी त्यांची तुलना करतात. म्हणजे चाचणी पूर्वजाचे नाव सांगत नाही. ती केवळ दुसऱ्या हयात व्यक्तीशी असलेल्या साम्याचे प्रमाण सांगते. ते साम्य कोणत्या पूर्वजामुळे आले, हे ठरविण्यास पुन्हा कागदांकडेच वळावे लागते.

दोन उदाहरणे : अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन हे त्यांच्या मालकीची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज हिच्या अपत्यांचे पिता होते काय, हा वाद दीर्घकाळ चालला होता. जेफर्सन यांचा औरस पुरुषवंश नसल्याने १९९८ मध्ये त्यांच्या चुलत्याच्या पुरुषवंशजांचे वाय गुणसूत्र तपासण्यात आले आणि ते सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळले. या चाचणीने एस्टनचा पिता जेफर्सन कुळातील पुरुष होता एवढेच सिद्ध झाले. तो पुरुष टॉमस हाच असण्याचा निष्कर्ष सॅलीच्या गर्भधारणांच्या काळी टॉमस त्याच मळ्यावर असल्याच्या नोंदी आणि तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेले निवेदन यांवर आधारलेला आहे. गुलामांच्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी आणि इतिहासकारांनी अव्हेरलेली स्मृती अशा रीतीने विश्वसनीय ठरली.

दुसरे उदाहरण इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे. १४८५ मध्ये बॉझवर्थच्या लढाईत मारल्या गेलेल्या या राजाचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर येथे वाहनतळाखाली सापडला. त्याच्या बहिणीच्या स्त्रीवंशातील दोन हयात व्यक्तींच्या तंतुकणिकीय डीएनएशी सांगाड्याचा डीएनए जुळला आणि ओळख पटली. परंतु तिसऱ्या एडवर्डपासून पुरुषवंशाने आलेल्या म्हणून नोंदलेल्या पाच हयात व्यक्तींपैकी कोणाचेही वाय गुणसूत्र राजाशी जुळले नाही. याचा अर्थ मधल्या अनेक पिढ्यांत कोठे तरी नोंदलेला पिता हा जैविक पिता नव्हता. सरदारघराण्यांची इंग्लंडमधील सर्वांत काळजीपूर्वक राखलेली वंशावळीही अशा खंडापासून मुक्त नव्हती, हे यावरून दिसून आले.

दत्तक व वंश : भारतीय परंपरेत असा खंड लपविलेला नसून पुष्कळदा जाहीर असतो. दत्तविधानाने मुलगा जनककुळातून दत्तककुळात जातो आणि त्याचे गोत्र, आडनाव व वारसाहक्क बदलतात. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले राजर्षी शाहू महाराज १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. बडोद्याचे तिसरे सयाजीराव गायकवाड हे मूळचे नासिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. ते गायकवाड घराण्याच्याच दूरच्या शाखेतील असल्याने १८७५ मध्ये त्यांची निवड झाली आणि त्या वेळी वंशावळीचा पुरावा निर्णायक ठरला. अशा प्रसंगी वाय गुणसूत्र जनककुळाचे, तर वंश दत्तककुळाचा असतो. म्हणून डीएनएने वंशावळ ‘खोटी’ ठरविली असे म्हणणे अयुक्त ठरेल. गोत्राबाबतही हीच सावधगिरी आवश्यक आहे. दत्तकामुळे आणि पुरोहिताचे गोत्र स्वीकारण्याच्या प्रथेमुळे सगोत्र पुरुषांचे वाय गुणसूत्र समान असेलच असे नाही.

डीएनएच्या मर्यादा : जातीअंतर्गत विवाह शतकानुशतके चालू राहिल्याने भारतातील बहुतेक समूहांतील व्यक्ती एकमेकांशी अनेक वाटांनी संबंधित असतात. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा अनेक जातींत असल्याने ही गुंतागुंत अधिक वाढते. परिणामी मोजलेल्या साम्यावरून जवळचे वाटणारे नाते प्रत्यक्षात बरेच दूरचे असू शकते. ‘अमुक टक्के अमुक प्रदेशाचे’ असे जे अहवाल कंपन्या देतात, ते त्यांच्याजवळील तुलनेच्या नमुन्यांवर अवलंबून असतात. नमुने बदलले, की तेच टक्के बदलतात.

समूहाच्या इतिहासाबाबत मात्र डीएनए मोलाची माहिती देऊ शकतो. कोकणातील बेने इस्राएल समाजात जहाज फुटून नवगाव येथे पोहोचलेल्या पूर्वजांची परंपरा सांगितली जाते. त्यांची आडनावे किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी ग्रामवाचक आहेत. परंतु आरंभीच्या काळाचे कागद नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या समाजात ज्यू व भारतीय असे दोन्ही अंश लक्षणीय प्रमाणात आढळले आणि हा संकर सु. १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाल्याचे अनुमान निघाले. यावरून परंपरेचा गाभा पुष्ट होतो. पण एखाद्या कुटुंबाच्या दहाव्या पिढीचा पुरुष कोण, हे त्यावरून कळत नाही.

जात हीदेखील सामाजिक व कायदेशीर नोंद आहे. ती कोणत्याही चाचणीतून सिद्ध होत नाही. महाराष्ट्रात जात पडताळणीसाठी अर्जदाराने वंशावळ शपथेवर सादर करून पितृकुळातील पूर्वजांच्या जुन्या नोंदी दाखवाव्या लागतात. मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी २०२३ मध्ये राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढे तिचे कार्यक्षेत्र राज्यभर वाढविले. त्यानंतर मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची गरज गावोगाव भासू लागली. ज्यांच्याजवळ जमीन किंवा वतन होते त्यांचा पूर्वज कागदात सापडतो. भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन मजूर आणि सर्वच जातींतील स्त्रिया यांची नावे मात्र विरळाच मिळतात. नोंद नसणे म्हणजे पूर्वज नसणे नव्हे; पण शिक्षण व नोकरी यांचे हक्क नोंदीवर अवलंबून असतात तेथे हा भेद व्यवहारात पुसला जातो. म्हणून लोकस्मृती, हेळवी व उपाध्ये यांच्या वह्या यांचे जतन ही केवळ जिज्ञासेची बाब राहत नाही.

कायदा व नीती : वैध विवाहबंधन चालू असताना जन्मलेले अपत्य पतीचेच, असे गृहीतक १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात होते, १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. केवळ संशयावरून रक्तचाचणीचा आदेश देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटले. २०१४ मध्ये मात्र, निर्विवाद डीएनए अहवाल समोर असता तो या गृहीतकाहून श्रेष्ठ मानावा, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. दत्तक गेलेल्या व्यक्तींना सज्ञान झाल्यावर आपल्या मूळाचा शोध घेण्याची तरतूद २०२२ च्या दत्तकविषयक विनियमांत आहे. जन्मदात्यांच्या गोपनीयतेचाही विचार त्यांत केला आहे.

डीएनए चाचणी एका व्यक्तीची असली, तरी तिच्यातून भावंडे, चुलते व अद्याप न जन्मलेले वंशज यांचीही माहिती उघड होते. कॅलिफोर्नियात १९७०–८० च्या दशकांतील खुनांचा आरोपी २०१८ मध्ये दूरच्या नातेवाइकांनी सार्वजनिक संग्रहात ठेवलेल्या माहितीवरून सापडला. २०२३ मध्ये एका मोठ्या अमेरिकी चाचणी कंपनीच्या सु. ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीस गेली आणि २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यामुळे नमुना देण्यापूर्वी निकटच्या आप्तांशी विचारविनिमय करणे आणि अनपेक्षित निष्कर्षाची तयारी ठेवणे इष्ट मानले जाते. एखाद्या घरात आजवर न बोललेली गोष्ट उघड झाल्यास तिचा परिणाम हयात व्यक्तींवर, विशेषतः वृद्ध स्त्रियांवर, होतो. कोणत्या पुराव्याची नोंद करावी हे ठरविताना संशोधकास अचूकतेबरोबर याचेही भान ठेवावे लागते.